मंडईच्या दिवसांतली तारीख

भंडाऱ्याजवळच्या शहापुरात हायवेच्या कडेला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक बंद पडलेलं दुकान आहे. त्याच्या बाजूच्या बोळातून आत गेलं की टिनाच्या छपराची एक लांबट खोली लागते. तोच तेजराम मेश्रामचा कारखाना. आत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून नवा माणूस हमखास विचारतो, अठी देवघर आहे का जी? देवघर नाही. आत पाच-सहा पोरी डोक्याला टोप्या बांधून केसाहून बारीक काचेच्या तारेशी खेळत असतात, आणि पायातली धूळ तारेच्या टोकावर बसली की तिच्यातून उजेड जात नाही, एवढंच.

खोलीच्या कोपऱ्यात प्लायवूड ठोकून एक केबिन केलेली आहे. केबिनमध्ये टेबल, आणि टेबलामागे गोल फिरणारी काळी खुर्ची. दुकानातून आली त्या दिवशी तिच्यावर जे प्लास्टिक होतं, ते अजून तसंच. तेजराम त्या खुर्चीवर बसत नसे. चहा प्यायचा तो उभ्यानं, नाहीतर मायक्रोस्कोपच्या टेबलापाशी पडलेल्या लाकडी स्टुलावर. एकदा बँकेचा माणूस आला आणि सवयीनं तिकडे वळला, तर तेजरामनं लगबगीनं त्याच्यासाठी बाहेरून दुसरी खुर्ची ओढली. हे पाहून त्याची बायको मालनबाई म्हणाली होती, "अजी, ती खुर्ची उभी राहून राहून कटाळली असंन. निदान तिले तरी बसू द्या."

खुर्ची मनालीसाठी होती. मनाली म्हणजे त्यांची एकुलती एक पोरगी. ती हैदराबादला एका मोठ्या कंपनीत होती, आणि तिनं कधीही, एकदाही, मी परत येते असं म्हटलेलं नव्हतं.

तेजराम मूळचा कोंढ्याचा. बापाला शेत नव्हतं, लोकांच्या बांधावर सारा जन्म गेला. मिसरूड फुटलं तसा तेजराम एका ठेकेदाराच्या टोळीत शिरला आणि टेलिफोनच्या केबलसाठी रस्त्याकडेला चर खोदू लागला. खोदता खोदता त्याचं लक्ष असायचं तंबूत बसलेल्या जोडाऱ्याकडे. काचेच्या तारेची दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर धरायची, एक ठिणगी, आणि दोनाची एक तार. त्या म्हाताऱ्या जोडाऱ्यानं त्याला हळूहळू हाताशी घेतलं. जगदलपूर, सासाराम, बाडमेर, जिथं चर गेला तिथं तेजराम गेला. गुरूनं शिकवलेली एक गोष्ट त्यानं कधी सोडली नाही. जोड झाला की खड्डा बुजवण्याआधी तिथं तारेची चार वेढ्यांची गुंडाळी जास्तीची ठेवायची. जमीन सरकते, ट्रक धसतो, कोणाची कुदळ लागते. वाढीव तार नसली तर पुन्हा जोडायला टोकच हाती लागत नाही.

घरी तो वर्षातून एकदाच यायचा, मंडईला. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी संपली की गावोगावची मंडई सुरू होते. आज या गावची, उद्या त्या गावची. ज्या गावची मंडई, त्या गावात घरोघर पाहुणे, दारासमोर दुकानं, संध्याकाळी नाटकाचा मांडव. पोरीबाळी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, रुसलेले भाऊ एका ताटावर बसतात. कोंढ्याची मंडई तेजरामनं कधी चुकवली नाही. पण बाकीचं सारं वर्ष त्याच्या घरात तो नव्हता. मनाली लहान असताना शेजारणीनं विचारलं होतं, कोण आला व तुझ्या घरी? तर पोरगी सांगून बसली, मंडईचा पाहुणा. सारी आळी हसली. तेजरामही हसला. मग बाडमेरच्या रेतीत, फोनवर मालनबाई सांगायची की पोरीला ताप आहे, पोरीचा नंबर आला, पोरगी सायकल शिकली, तेव्हा तो दरवेळी एकच म्हणायचा, "मी फोनवर आहोच ना."

कायमचा परतला तेव्हा मनाली बारावीला होती. साठवलेल्या पैशातून त्यानं शहापुरात ही खोली घेतली, मागच्या दोन खोल्यांत संसार थाटला. आता लेकरू डोळ्यासमोर राहील म्हणाला. उन्हाळा सरला आणि मनाली इंजिनियरिंगला नागपूरला गेली, तिथून परस्पर हैदराबादला. बाप घरात शिरला आणि लेक दुसऱ्या दारानं बाहेर पडली, असं ते झालं. भांडण नाही, रुसवा नाही. नुसती चुकामूक. तिला विषयही बापाचाच आवडला होता, तारेतून किती उजेड जातो आणि किती वाटेत मरतो, ते मोजणाऱ्या यंत्रांवर तिचं काम होतं. त्यामुळंच तर तेजरामची आशा सुटत नव्हती.

कारखान्यात बनायच्या पॅचकॉर्ड. हातभर, वावभर लांबीच्या पिवळ्या तारा, दोन्ही टोकांना प्लग. इंटरनेटच्या डब्यातून यंत्रात जाणारी ती शेवटची तार. माल नागपूरचा एक व्यापारी उचलायचा आणि दरवेळी तोंड वाकडं करायचा, की बाहेरून तयार येणारा याहून स्वस्त पडतो. दुसरं एक किरकोळ काम होतं, राईस मिलवाल्यांचं. मिलमध्ये कॅमेरे आले, वजनकाटे नेटला जोडले गेले, आणि त्यांच्या तारा उंदीर खाऊ लागले. मग मिलवाला कुरतडलेली तार पिशवीत घालून यायचा, अशीच दुसरी द्या म्हणायचा. एकाला हवी नऊ हात, एकाला एकवीस. तेजराम ते करून द्यायचा, पण त्याला त्यात कमीपणा वाटे. उंदरांनी टाकलेल्या उष्ट्यावर कारखाना चालतो का कधी? आणि उंदरांच्या उष्ट्यासाठी कोणाची लेक हैदराबाद सोडून येते का?

पावसाळा सरता सरता पुण्याच्या एका कंपनीचे साहेब खोली पाहून गेले. त्यांना साध्या पॅचकॉर्ड हव्या होत्या, तेजरामनं आजवर बनवल्या नव्हत्या एवढ्या. भाव पडेल होता. पण साहेब म्हणाले की ही खेप वेळेत आली तर वर्षभराचा करार करू, फक्त मालाच्या तपासणीला तुमच्याकडं एक इंजिनियर कायम लागेल. तेजरामनं पुढचं काही ऐकलं नाही. इंजिनियर हा एक शब्द त्याच्या कानात जाऊन बसला.

साहेबांनी माल द्यायची तारीख दिली होती नोव्हेंबरच्या अखेरची. तेजरामनं ती अलीकडं ओढून घेतली, दिवाळीनंतरच्या आठवड्यात. आमच्याकडं त्या दिवसांत माणूसबळ भरपूर असतं म्हणून सांगितलं. साहेब खूश झाले. घरी मालनबाईला कळलं तेव्हा ती भाकर थापायची थांबली.

"मंडईत मानसं गच असतात, खोटं नाही," ती म्हणाली. "पन कोंबडीच्या रश्श्यापाशी. कामावर कोनती पोट्टी येते जी? तुमी का नवीन आले झाडीत?"

तेजराम नवीन नव्हता. मंडईत चुलीवरचं भांडं सोडून दुसरं काही हलत नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. पण मनाली येते ती त्याच दिवसांत, मोजक्या दिवसांसाठी, आणि काम अंगावर आलेलं असलं की ती हात झटकून निघणारी पोरगी नाही, हेही त्याला ठाऊक होतं. एकदा स्टुलावर बसली, डोळा मायक्रोस्कोपला लागला, की तिला इथलं काम दिसेल. मग खुर्ची दाखवू.

दिवाळी झाली. मनाली आली. दुसऱ्याच दिवशी एका पोरीच्या गावची मंडई निघाली, ती गेली. तिच्यासोबत तिची मैत्रीण गेली, कारण तिची मावशी त्याच गावची. परवा तिसरी. मग ज्यांच्या गावच्या मंडया झाल्या त्यांच्या घरचे पाहुणे हलेनात. शेवटी खोलीत एकटी प्रतिक्षा उरली, आयटीआय झालेली, कमी बोलणारी, तीही उद्यापर्यंतच. ओव्हनमध्ये प्लगांत भरलेला गोंद सुकत पडलेला, टेबलावर अर्धवट तारांचे झुबके, आणि खोक्यात जायला हवा होता त्याच्या निम्माही माल तयार नाही.

मनालीनं ओढणी कमरेला खोचली आणि स्टुलावर बसली.

ते तीन दिवस तेजरामच्या आयुष्यात दुसरे झाले नाहीत. तो तारेचं पिवळं कवच सोलायचा, आतले रेशमासारखे धागे कातरायचा, काचेचं टोक प्लगमध्ये ओवायचा. ती घासायची आणि तपासायची. प्लगचं टोक चकतीत अडकवून, ओल्या फिल्मवर इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवायचं, हलक्या हातानं. तिचा हात फिरताना तो पाहत राही. हे तिला त्यानं शिकवलेलं नव्हतं. पण मनगट त्याचंच होतं, आणि वळण घेताना खालचा ओठ दातात धरायची लकब मालनबाईची. दोघं फारसं बोलत नसत. "दे" म्हटलं की द्यायचं, "नाही, परत घास" म्हटलं की परत घासायचं. दुपारी मालनबाई मागच्या खोलीतून जेवण आणायची आणि दोघांकडं आळीपाळीनं पाहून गप राहायची. तिच्या जिभेला काही सुचत नाही असं सहसा होत नसे.

चौथ्या दिवशी कोंढ्याची मंडई होती. मालनबाई पहाटेच दिराच्या घरी कोंढ्याला गेली, पोरीला घेऊन दुपारपर्यंत या म्हणून बजावून. प्रतिक्षाही केव्हाच आपल्या गावी गेली होती. मनाली चकती फिरवता फिरवता म्हणाली, "बाबा, मी काल पुन्याच्या साहेबाले फोन लावला होता. तारीख वाढवून मागाले."

तेजराम धागे कातरत राहिला.

"ते म्हने वाढवली. म्हने आमी तं महिनाअखेरचीच देली होती, तुमच्या बाबांनंच अलीकडची मागतली. काहून मागतली?"

त्यानं कात्री खाली ठेवली. "तू राहशीन म्हून."

चकती थांबली. बाहेर हायवेवरून एक ट्रक गेला आणि टिनाचं छप्पर थरथरलं.

"मंग सांगाचं होतं ना, राह म्हून."

"राहिली असती?"

मनालीनं प्लग पुसला, मायक्रोस्कोपखाली धरला, बराच वेळ पाहिला. "अजून चार दिवस राहिली असती," ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तीही बापाचीच.

तेवढ्यात बोळातून हाका आल्या. लाखांदूरकडच्या एका राईस मिलचे कवडूजी, भंडाऱ्यापर्यंत एस.टी. आणि पुढं ऑटो करून आले होते. एका हातात नव्या तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात कुरतडलेली तार. मिलचा हंगाम नुकताच चालू झालेला आणि कालपासून काट्याचं नेट बंद. दारात धानाच्या गाड्यांची रांग.

"जय भीम तेजरामजी. ही पाहा, घुशीनं खाल्ली," ते म्हणाले. "तुमच्या तारेले साखर लावता का जी? बाजूले ढिगानं तांदूर पडला हाये, तरी मेली तारच खाते."

मनाली हसली आणि तिनं तार हातात घेतली. मग ती उठली आणि कोपऱ्यातल्या ड्रमपाशी गेली. तिथं पोलादी स्प्रिंगच्या आतून गेलेल्या तारेचा ड्रम पडून होता, बाडमेरच्या कामातून उरलेला, ठेकेदारानं हिशेबात गळ्यात मारलेला. तेजराम त्याच्यावर टोप्या वाळत घालायचा. तिनं त्यातली तार कापली आणि दोन्ही टोकांना प्लग बसवायला घेतले. तासा-दोन तासांनी कवडूजींच्या हातात एक जाडसर, चिवट दोरी आली. त्यांनी ती वाकवून पाहिली, दाताखाली धरून पाहिली.

"आता घुशीले म्हनाव, ये."

जाता जाता ते म्हणाले, अशा अजून पाठवा, पलीकडच्या मिलवाल्यालाही लागतील. नागपूरचा दुकानदार म्हणतो अशी तार दिल्लीहून येईल, आणि ती येईस्तोवर हंगाम निघून जातो.

ते गेले तरी मनाली उभीच होती. मग तिनं विचारायला सुरुवात केली. जिल्ह्यात अशा मिली किती? गोंदियाकडं? तुमसरच्या खाणीत तारा कोण देतं? गावोगावच्या ग्रामपंचायतीत नेटचे डबे लागलेत, तिथंही उंदीर असतीलच ना? तेजराम सांगत गेला. त्याला सारं माहीत होतं, फक्त हे माहीत असणं म्हणजे धंदा आहे, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"बाबा, स्वस्तात आपन कोनालेच पुरत नाही," ती म्हणाली. "पुन्याच्या भावात वर्षभर काम केलं तं पोरी दमतीन आन हाती काही येनार नाही. पन सकाळी फोन आला आन संध्याकाळच्या एस.टी.त तार गेली, हे पुन्यात बसून कोन करू शकते?"

आणि मग ती बोलत राहिली, स्टुलावर नाही, ड्रमवर बसून, पाय हलवत, लहानपणी ओट्यावर बसायची तशी. ही खेप पुरी करून टाकू, पुढचा करार घ्यायचा नाही. साध्या तारा हळूहळू सोडायच्या. पोलादी तारेचेच तीन-चार प्रकार, लागेल त्या लांबीचे. उन्हाळ्यात पोरींना दुसरं काम नसतं, तेव्हा एका बाजूचे प्लग बसवून गुंडाळे तयार ठेवायचे. मिलचा हंगाम आणि मंडई एकाच वेळी येते, तर येऊ दे. मागणी आली की फक्त कापायचं आणि दुसरं टोक बसवायचं, त्याला दोन माणसं पुरे. बाकीच्यांनी खुशाल मंडई करावी. आणि तपासणी प्रतिक्षाकडे द्यायची. "तिची नजर चांगली हाये. मले दोनदा परत घासाले लावलं तिनं. केबिन तिले द्या. ती खुर्ची पन."

तेजराम ऐकत होता. जसजशी ती सांगत गेली तसतसं त्याच्या डोळ्यांसमोर सारं उभं राहत गेलं, मिली, एस.टी., गुंडाळे, केबिनमधली प्रतिक्षा. खरं होतं ते. पक्कं होतं. त्यात प्रत्येक गोष्टीला जागा होती. कोपऱ्यातल्या टाकाऊ ड्रमलासुद्धा जागा होती.

"यात तू कोठी हायेस?" त्यानं विचारलं.

"मी फोनवर आहोच ना," मनाली म्हणाली.

शब्द तिच्या तोंडून निघाले होते, पण ते कोणाचे, हे दोघांनाही कळलं. तिनं मान वळवून ओव्हनकडं पाहिलं. तेजरामनं कुरतडलेली जुनी तार उचलली आणि उगाचच हातावर गुंडाळत बसला, एक वेढा, दोन वेढे. त्याला तिच्यावर रागावता आलं नाही. तिला आपल्यावर रागावता आलं असतं, इतकी वर्षं, तरी ती मंडईच्या पाहुण्याची वाट पाहत दारात उभी राहायची. हे त्याला आत्ता, या वयात, हातावर तार गुंडाळताना दिसलं.

"चाल," तो शेवटी म्हणाला. "तुझी माय कोंढ्यात वाट पाहून राहिली असंन. रस्सा उतू जाईन तं माह्यावरच येईन."

मंडई केली. पोरी परतल्या, खेप वाढवून मिळालेल्या तारखेला पुरी गेली. बोलल्याप्रमाणं मनाली चार दिवस जास्तीची राहिली. निघायच्या दिवशी तेजराम तिला भंडाऱ्याच्या स्टँडवर घेऊन गेला. एका हातात तिची बॅग, काखेत कवडूजींच्या शेजारच्या मिलवाल्याचं पार्सल. लाखांदूरची गाडी आधी लागली. पार्सलचं काम उरकून तो परत आला, तोवर नागपूरची लागली होती. मनालीनं खिडकीतून हात बाहेर काढला. त्यानं तो धरला. गाडी हलली तरी दोन पावलं धरूनच चालला, मग सोडला. काय बोलावं हे त्याला फोनवर नेहमी सुचायचं. इथं नाही सुचलं.

शहापूरला परत आल्यावर त्यानं बाहेर चपला काढल्या आणि आधी पुण्याला फोन लावला. साहेबांनी कराराचे कागद तयार ठेवले होते, इंजिनियर कधी रुजू होणार एवढंच विचारायचं बाकी होतं. तेजरामनं सांगितलं, इंजिनियर येणार नाही. साहेब म्हणाले, दुसरा पाहा, भंडाऱ्यात काय इंजिनियरांचा तोटा आहे? तेजराम म्हणाला, तोटा नाही जी, पण आम्हाला दुसरं काम निघालं आहे, आणि फोन ठेवला. खरंच दुसरं काम होतं. तरी हात काही वेळ फोनवरच राहिला.

मग तो केबिनमध्ये गेला आणि खुर्चीचं प्लास्टिक ओढलं. इतकी वर्षं चिकटून बसलेलं ते, फाटताना मोठा आवाज झाला. बाहेर पोरींनी माना वर केल्या. त्यानं प्रतिक्षाला हाक मारली, बस म्हणाला. ती खुर्चीच्या काठावर टेकली, जशी काही खुर्ची तापलेली आहे.

"टेकून बस व," तेजराम म्हणाला. "आता तुलेच बसाचं हाये."

आता त्या खोलीत पिवळ्या तारा कमी आणि पोलादी जास्त दिसतात. दुपारनंतर कोणी ना कोणी पार्सल घेऊन भंडाऱ्याच्या स्टँडवर जातो, बहुधा तेजरामच. नागपूरची गाडी लागलेली असली तर तो उगाच थोडा वेळ तिच्यापाशी थांबतो. मनालीचा फोन रविवारी येतो. ती मिलींचं विचारते, मालनबाई तिला लग्नाचं विचारते.

जागा अपुरी पडायला लागली तेव्हा प्रतिक्षानं खोली नव्यानं लावली. मायक्रोस्कोप केबिनमध्ये नेला, ड्रम दारापाशी आणले, भिंतीला फळ्या ठोकल्या. ते लाकडी स्टूल तिनं मोडीत काढायला बाहेर ठेवलं होतं. तेजरामनं ते उचलून आत आणलं आणि होतं त्याच ठिकाणी, खिडकीपाशी ठेवलं. काका, आता इथं बसायचं कोणी नाही, वाटेत येतं ते, प्रतिक्षा म्हणाली.

"येऊ दे," तो म्हणाला. "जोडापाशी थोडं वाढीव ठेवावं लागते."

तिला ते नीट कळलं नाही. मात्र त्या दिवसापासून पोरी स्टुलाला वळसा घालून जातात, आणि त्यावर कोणी काही ठेवत नाही.